केबिनच्या पत्र्यातून येणारी धग : आधी कारण शोधा, मग उपाय करा



आपल्या पाड्यांवरची पुष्कळ मुले आता गाडीवर आहेत. कोणी ऊस वाहतो, कोणी खडी, कोणी नंदुरबारच्या बाजारातून मिरचीची पोती. आधी दोन-तीन वर्षे क्लीनर, मग लायसन्स, मग ड्रायव्हर, असा त्यांचा प्रवास असतो. गाडी बहुतेक वेळा दुसऱ्याची आणि जुनी. म्हणून या वेळचा धडा ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कृपया वाचून दाखवा.

एक अनुभव

डिसेंबरमधली गोष्ट. ऊसतोडीला गेलेल्या एका कुटुंबातली बाई आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या तपासणीला आली. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. मायलेक कधीकधी त्याच्याबरोबर केबिनमधूनच जात. ती म्हणाली, "ताई, गाडीत बसला की ह्याचं डोकं दुखतं, उलटी करतो. खाली उतरला की तासाभरात खेळायला लागतो. गाडी लागते म्हणावं, तर एसटीत काहीच होत नाही."

मी विचारले, "गाडीत तो बसतो कुठे?"

नवरा म्हणाला, "बसत नाही ताई, निजतो. बोनेटच्या बाजूला खाली गोधडी टाकून देतो. थंडीचं तिथं ऊन ऊन लागतं. काचा बंद करतो, म्हणजे गारवा येत नाही."

"उन्हाळ्यात तिथे पाय ठेवता येतो का?"

तो हसला. "उन्हाळ्यात चपलेचा तळ मऊ होतो ताई. तिथं पाय टेकत नाही."

मी मुलाला दवाखान्यात पाठवले आणि गाडी गॅरेजला न्यायला सांगितले. मिस्त्रीने केबिन उचलून पाहिले. इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप यांच्यामधल्या मेनिफोल्डचे पॅकिंग जळालेले होते. आजूबाजूला काळी काजळी जमली होती. बरोबर वर केबिनच्या पत्र्याला गंजून भोक पडले होते. वर गोधडी आणि गोधडीवर मूल. बापाला जी ऊब वाटत होती, तिच्याबरोबर धूरही आत येत होता.

मूल वाचले. पण या प्रसंगातून मी शिकले की पायाखालची धग हा नुसता त्रास नसतो. पुष्कळदा ती खूण असते. म्हणून धगीवर लगेच चटई टाकून मोकळे होऊ नका. आधी ती का येते ते शोधा.

धग कोणत्या वाटेने येते

डिझेल इंजिनातून बाहेर पडणारा धूर, गाडी भरलेली असून चढ चढत असताना, मेनिफोल्डपाशी ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. कोंडाईबारीचा किंवा चांदसैलीचा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना पाय का भाजतो, त्याचे उत्तर यात आहे. इंजिन पूर्ण ताकद लावत असते, गाडीचा वेग कमी असतो आणि खालून वारा लागत नाही.

ही उष्णता केबिनमध्ये तीन वाटांनी येते. चूल डोळ्यासमोर आणा.

पहिली वाट, किरणांची. चुलीच्या समोर बसले की हात न लावताही तोंडाला झळ लागते. तापलेला पाइप तशीच झळ वरच्या पत्र्यावर टाकतो. पाइप ३०० अंशांऐवजी ४०० अंश तापला, तर ही झळ थोडीथोडकी नाही, जवळजवळ दुप्पट होते.

दुसरी वाट, स्पर्शाची. चुलीवरच्या तव्याचा दांडा तापतो तशी. पाइपचा ब्रॅकेट किंवा क्लॅम्प केबिनला टेकला असेल, त्याचे रबर गेले असेल, तर उष्णता लोखंडातून थेट वर येते.

तिसरी वाट, हवेची. इंजिनाभोवतीची गरम हवा पत्र्याच्या भोकांतून, गिअरच्या दांड्याच्या फाटक्या रबरी बुटातून आणि पेडलपाशी राहिलेल्या फटींतून वर येते. हवेबरोबर धूरही येतो.

झळेला आडोसा लागतो. स्पर्शाला रबर लागते. हवेला बूच लागते. एकाच उपायाने तिन्ही वाटा बंद होत नाहीत.

पहिले काम : धूर गळतो का ते पाहणे

धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो भाग आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही असेही होते. डिझेलच्या गाडीत हा वायू पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी असतो, पण असतोच. बंद केबिनमध्ये कमीही पुरेसा होतो. लहान मुले आणि गरोदर स्त्रियांच्या पोटातले बाळ यांना धोका सर्वांत जास्त.

गळती अशी शोधा :

१. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना केबिन किंवा बोनेट उघडा. केबिन उचलली तर तिचा टेकू आणि लॉक लावल्याशिवाय डोके आत घालू नका.

२. मेनिफोल्डचे जोड, टर्बोचा जोड, पाइपमधला जाळीदार लवचिक तुकडा आणि सायलेन्सरचे क्लॅम्प बॅटरी लावून पाहा. धूर गळत असेल तिथे काळी किंवा करडी काजळी दिसते.

३. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. एकाने इंजिन चालू करावे, दुसऱ्याने बाजूला उभे राहून ऐकावे. फुस-फुस किंवा टक-टक असा आवाज येऊन इंजिन तापल्यावर तो कमी झाला, तरी गळती आहे असेच समजा. लोखंड तापून फुगते आणि फट थोडी मिटते, म्हणून आवाज कमी होतो.

४. हात लावून गळती शोधू नका. हात भाजतो, आणि पंखा-बेल्टमध्ये बोटे जातात.

गळती सापडली तर पॅकिंग नवे टाका. जुने पॅकिंग खरवडून दोन्ही तोंडे साफ करायची. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत न्यायचे. एक-दोन फेऱ्यांनंतर इंजिन थंड असताना बोल्ट पुन्हा तपासायचे. तुटका बोल्ट तसाच ठेवला तर नवे पॅकिंगही जळते. पाइपच्या भोकाला डब्याचा पत्रा आणि तार गुंडाळणे हा गॅरेजपर्यंत पोहोचण्याचा उपाय आहे, हंगाम काढण्याचा नाही.

दुसरे काम : इंजिन जास्त का तापते

कधीकधी गळती नसते, पण धूरच गरजेपेक्षा जास्त तापलेला असतो. एअर फिल्टर मातीने भरला की इंजिनाला हवा कमी पडते, डिझेल नीट जळत नाही, काळा धूर येतो आणि मेनिफोल्ड तापतो. टर्बोचा होस फाटला, इंजेक्टर खराब झाला, सायलेन्सर आतून चोंदला किंवा ब्रेक चिकटून राहिला तरी हेच होते. लोड परवान्यापेक्षा जास्त असेल तर कोणताही आडोसा पुरत नाही. काळा धूर, जास्त डिझेल आणि पायाला धग या तिन्ही तक्रारी एकत्र आल्या, तर आधी फिल्टर पाहा. हे क्लीनरसुद्धा करू शकतो.

तिसरे काम : पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये आडोसा

पुष्कळ गाड्यांना कंपनीचाच आडोसा असतो, पण तो खडखडतो म्हणून कोणीतरी कधी काढून टाकलेला असतो. आधी बोल्टची रिकामी भोके आहेत का ते पाहा. असतील तर तोच भाग पुन्हा बसवणे सर्वांत चांगले. मिळत नसेल तर पत्र्याचा आडोसा करता येतो.

पत्रा : साधारण १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. चकचकीत ॲल्युमिनियम आपल्यावर पडणाऱ्या झळेचा दहातला नऊ भाग परत फेकते. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, म्हणून ते मेनिफोल्डच्या अगदी जवळ नको. तिथे स्टेनलेस स्टीलचा पत्रा घ्या. घरावरचा जस्ताचा पत्रा तिथे लावू नका. जस्त ४१९ अंशांनाच वितळते आणि त्याचा धूर छातीला वाईट.

माप : पाइपच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे जास्त येईल एवढा रुंद. लांबी, जिथे जिथे पाय किंवा आसन येते तेवढी, आणि पुढेमागे वीतभर अधिक.

अंतर : ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आडोसा केबिनच्या पत्र्याला चिकटवायचा नाही. दोघांमध्ये किमान २० ते २५ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. पाइपपासूनही निदान तेवढीच. त्या जागेतून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. अंतर नसेल तर आडोसा स्वतः तापून तव्यासारखा केबिनला टेकतो आणि केलेले काम वाया जाते. अंतर राखण्यासाठी बोल्टमध्ये लोखंडी नळीचे छोटे तुकडे किंवा एकावर एक वायसर घाला. पुढची व मागची बाजू उघडी ठेवा.

बसवणे : चकचकीत बाजू पाइपकडे. तिला रंग देऊ नका. शक्यतो आधीपासून असलेले बोल्ट आणि ब्रॅकेट वापरा. नवे भोक पाडायचे असेल तर पलीकडे वायर, ब्रेकची नळी किंवा डिझेलची नळी नाही ना, ते दोनदा पाहा. वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीची तार काढून, डिझेलच्या टाकीपासून दूर, आणि मिस्त्रीकडूनच. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, गिअर आणि पेडल दाबून, काही अडत नाही याची खात्री करा.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांसाठी वेगळी सूचना. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो अधूनमधून स्वतःला साफ करण्यासाठी काजळी जाळतो. त्या वेळी आतले तापमान ६०० अंशांच्या आसपास जाते. अशा गाडीच्या सायलेन्सरला काही गुंडाळू नका, त्यातले काही काढू नका. कंपनीचा आडोसा सुटला असेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्येच बसवून घ्या.

चौथे काम : भोके बुजवणे आणि आतला थर

दिवसा केबिनचे दार बंद करून, चटई काढून, खाली वाकून पाहा. पत्र्यातून उजेड दिसला तिथून धूर येतो. गंजलेला भाग कापून नवा पत्रा बसवा. वायर जातात त्या भोकांना रबरी बूच, गिअरच्या दांड्याला नवा बूट. बोनेटच्या कडेचे रबर चपटे झाले असेल तर तेही बदला. ही लहान कामे आहेत, पण धूर अडवण्यात यांचा वाटा मोठा आहे.

हे झाल्यावरच आतून थर द्या. वाहनासाठी मिळणारे, आग न पकडणारे उष्णतारोधक फेल्ट आणि त्यावर जाड रबरी चटई. चटई पेडलखाली सरकता कामा नये. चटई सरकून ब्रेकखाली अडकली तर धगीपेक्षा मोठे संकट.

हे करू नका

बारदान, जुनी गोधडी, थर्माकोल, स्पंज किंवा पुठ्ठा पत्र्याखाली कोंबू नका. त्यात ऑइल मुरते आणि एक दिवस ते पेटते.

ॲस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा वापरू नका. जुन्या गॅरेजमध्ये तो अजूनही सापडतो. त्याची बारीक कुसळे फुप्फुसात जाऊन राहतात आणि कितीतरी वर्षांनी कर्करोग होतो. भट्टीतली पांढरी सिरॅमिक लोकरही उघड्या हाताने, तोंड न बांधता हाताळू नका.

पाइपला गुंडाळायची काचेच्या धाग्यांची पट्टी मिळते. तिने झळ कमी होते हे खरे. पण ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि साधा लोखंडी पाइप आतून गंजवते. तिच्यावर ऑइल सांडले तर ती पेट घेते. आडोसा बसवता येत असेल तर पट्टीच्या मागे लागू नका.

तापलेल्या पाइपवर पाणी ओतू नका. पाइप तडकतो आणि वाफेने भाजते.

ऊस, कडबा किंवा गवत वाहणाऱ्यांनी रोज सायलेन्सरभोवती अडकलेले पाचट काढावे. वाळलेल्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नये.

काम झाले का, हे कसे ओळखावे

दुरुस्तीच्या आधी आणि नंतर त्याच रस्त्यावर, तसाच लोड घेऊन, अर्धा तास गाडी चालवून पाहा. गाडी उभी करून पत्र्यावर तळहात ठेवा. दोन-तीन सेकंदांत हात उचलावा लागला तर पत्रा साधारण ६० अंशांच्या घरात आहे. तिथे उघडा पाय पाच सेकंदांत भाजतो. तळहात आरामात टेकून राहिला तर काम झाले. कोरोनाच्या काळातली ताप मोजायची गन इथे चालत नाही. ती माणसाच्या तापापुरतीच असते. गॅरेजमध्ये यंत्रांचे तापमान मोजणारी वेगळी गन असते.

मधुमेह असलेल्या ड्रायव्हर भावांनी तळहातानेच पाहावे, पायावर विश्वास ठेवू नये. त्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. भाजलेले कळत नाही आणि जखम चिघळते. बूट घालूनच गाडी चालवा.

भाजले तर २० मिनिटे साधे वाहते पाणी. टूथपेस्ट, शाई, तेल काही नको. उन्हाळ्यात पाण्याचा कॅन बरोबर हवा. घाम फार गेला तर ओआरएस घ्या. ते नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे सपाट घ्या.

केबिनमध्ये कोणाला गरगरले तर

गाडी थांबवा, इंजिन बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा. एकाच गाडीतल्या दोघांचे डोके एकाच वेळी दुखू लागले तर जेवणाला दोष देण्याआधी धुराचा संशय घ्या. शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात स्पष्ट सांगा, "आम्ही बंद केबिनमध्ये होतो, धूर आत येत असावा." हे सांगणे फार गरजेचे आहे, कारण बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र या विषबाधेत फसते. ते आकडा चांगलाच दाखवते.

इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये कधीही झोपू नका. नुसती मागची काच उघडी ठेवू नका. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर त्या काचेतून आत ओढला जातो. आणि मुलांना केबिनच्या खालच्या पत्र्यावर निजवू नका, थंडीत तर मुळीच नको.

मालकाशी बोलताना

"गाडी मालकाची, आम्ही काय करणार?" असे पुष्कळ भाऊ म्हणतात. मालकाला डिझेलच्या भाषेत सांगा. गळके पॅकिंग टर्बोची ताकद घालवते, चोंदलेला फिल्टर डिझेल खातो, आणि केबिनला आग लागली तर गाडी जाते. सरकारनेही ड्रायव्हरच्या धगीची दखल घेतली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक आहे. जुन्या गाड्यांना तो नियम नाही. त्यांच्यासाठी पॅकिंग, आडोसा आणि बूच हाच उपाय आहे.

वर सांगितलेल्या गाडीचे काय झाले? मालक आधी कुरकुरला. मग मिस्त्रीने त्याला जळके पॅकिंग हातात दिले आणि मूल कुठे निजत होते ती जागा दाखवली. काम एका दिवसात झाले. पुढच्या तपासणीला ती बाई आली तेव्हा म्हणाली, "आता थंडी वाजते गाडीत, ताई." मी म्हटले, "मग दोन गोधड्या घे. पण त्याला सीटवरच निजव."

गटात वाचताना विचारण्याचे प्रश्न

१. आपल्या पाड्यावरचे किती जण गाडीवर आहेत? त्यांच्याबरोबर केबिनमध्ये मुले जातात का, आणि कुठे बसतात?

२. धग येण्याच्या तीन वाटा कोणत्या? प्रत्येकीचा उपाय सांगा.

३. आडोसा आणि केबिनचा पत्रा यांच्यामध्ये मोकळी जागा का ठेवायची?

४. गाडीत डोके दुखते आणि खाली उतरल्यावर थांबते, असे कोणी म्हटले तर तुम्ही काय कराल?

५. हंगामाला जाण्याआधी आपल्या गावातल्या गाड्यांचा पत्रा आणि पॅकिंग तपासायला एक दिवस ठरवता येईल का? तो दिवस आजच ठरवा.